टॅरॅन्टुला पाळताना: नवख्यांना हमखास पडणारे प्रश्न

पहिल्यांदाच पाळतोय. कोणती जात घ्यावी?

अमेरिका खंडातली, जमिनीवर राहणारी आणि संथ स्वभावाची जात घ्या. टॅरॅन्टुला म्हणजे मोठे, केसाळ कोळी. त्यांच्या हजारापेक्षा जास्त जाती आहेत, पण नवख्याला एकच ढोबळ विभागणी कळली तरी पुरते. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक जातींच्या पोटावर, म्हणजे शरीराच्या मागच्या गोल भागावर, खाजरे केस असतात. धोका वाटला की त्या मागच्या पायांनी हे केस उडवतात, चावण्याची पाळी क्वचितच येते आणि त्यांचं विषही त्यामानाने सौम्य असतं. आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे हे केस नसतात. त्या एक तर विजेच्या वेगाने पळतात किंवा थेट चावतात, आणि त्यांचं विष चांगलंच बाधतं. भारत आणि श्रीलंकेत आढळणारा देखणा पोसिलोथेरिया याच गटातला. तो चावला तर स्नायूंत गोळे येण्याचा त्रास काही दिवस पुरतो. पहिला कोळी म्हणून तो नको.

नवख्यांसाठी खात्रीची नावं अशी: ट्लिल्टोकॅटल आल्बोपिलोसस, म्हणजे कुरळ्या केसांचा 'कर्ली हेअर', ग्रॅमोस्टोला पुल्क्रिपेस, म्हणजे 'चाको गोल्डन नी', कुळकुळीत काळा ग्रॅमोस्टोला पुल्क्रा, आणि लाल गुडघ्यांचा ब्रॅकिपेल्मा हॅमोरी. हा शेवटचा दिसायला सगळ्यांत आकर्षक, पण केस उडवण्यात जरा सढळ हाताचा. आमचं मत विचाराल तर कर्ली हेअर. खातो चांगला, वाढतो बऱ्यापैकी लवकर आणि देखभालीतल्या बारीकसारीक चुका पोटात घालतो.

नावांचा गोंधळ फार आहे. कर्ली हेअर २०२० पर्यंत ब्रॅकिपेल्मा या प्रजातीत मोजला जायचा, आणि आज हॅमोरी म्हणून ओळखला जाणारा कोळी वर्षानुवर्षं 'स्मिथी' या नावाने विकला गेला. म्हणून घेताना बोलीतल्या नावावर न जाता शास्त्रीय नाव विचारून घ्या. ब्रॅकिपेल्मा आणि पोसिलोथेरिया या दोन्ही प्रजाती सायटीस कराराच्या, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तुमच्या देशात कोणती जात पाळायला परवानगी आहे आणि कोणते कागद लागतात, हे पैसे देण्याआधी पाहा.

पिल्लू घ्यावं की मोठा?

पायांसकट ४ ते ६ सेंटिमीटरचा, अर्धवट वाढलेला कोळी सगळ्यांत बरा. नखाएवढं पिल्लू स्वस्त मिळतं आणि वाढताना बघायला मजा येते, पण त्याच्या अंगात पाण्याचा साठा नगण्य असतो. चार दिवस दुर्लक्ष झालं तरी ते सुकून मरतं. अर्धवट वाढलेला कोळी एवढा नाजूक नसतो, आणि पुढची अनेक वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर वाढतो.

माप घेण्याची पद्धत ठरलेली आहे: एका बाजूच्या पहिल्या पायाच्या टोकापासून विरुद्ध बाजूच्या चौथ्या पायाच्या टोकापर्यंत, तिरकं. पुढे जिथे जिथे 'पायांचा पसारा' म्हटलंय तिथे हेच माप धरा.

घेताना काय तपासायचं?

पोट गोलसर हवं, सुरकुतलेलं नको. पाय पसरून बसलेला असावा. मऊ ब्रशने मागच्या पायाला स्पर्श केल्यावर त्याने काहीतरी प्रतिसाद द्यायला हवा. एखादा पाय नसेल तर घाबरू नका, पुढच्या एक-दोन कातींत तो परत येतो. तोंडाजवळ पांढरट, चिकट काही दिसलं किंवा सडका वास आला तर मात्र तिथूनच परत फिरा. कोळी पाळीव अवस्थेत जन्मलेला आहे का, हेही विचारा. रानातून पकडलेल्या कोळ्यांच्या अंगात परजीवी असण्याची शक्यता जास्त, आणि पकडण्यामुळे रानातली संख्या घटते ती वेगळीच.

किती वर्षं जगतो?

मादी आहे की नर, त्यावर सगळं अवलंबून. ब्रॅकिपेल्मा आणि ग्रॅमोस्टोला यांच्या माद्या २० वर्षांहून जास्त जगतात. नर वयात आल्यावर शेवटची कात टाकतो आणि त्यानंतर काही महिने ते साधारण दीड-दोन वर्षं काढतो. वयात आलेला नर ओळखणं सोपं आहे: तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकं बॉक्सिंगच्या मोज्यांसारखी फुगीर दिसतात, आणि बऱ्याच जातींत पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला आकडे असतात. असा नर 'पूर्ण वाढलेला, निरोगी' म्हणून गळ्यात मारला जातो. खोटं काही नसतं त्यात, फक्त त्याचे थोडेच दिवस उरलेले असतात.

लहानपणी नर-मादी ओळखायची खात्रीची जागा म्हणजे टाकलेली कात. ती कडक व्हायच्या आत, किंवा कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून त्यात मऊ करून, पोटाचा भाग अलगद उलगडा. पुढच्या दोन श्वसनपटलांच्या (पोटाखालच्या, श्वास घ्यायच्या अवयवांच्या) मधे आतून एखादी घडी किंवा पिशवीसारखा उंचवटा दिसला तर मादी.

पेटी केवढी हवी?

लांबी पायांच्या पसाऱ्याच्या तिप्पट, रुंदी दुप्पट. १४-१५ सेंटिमीटरच्या मोठ्या मादीला ४५ × ३० × ३० सेंटिमीटरची काचेची किंवा अ‍ॅक्रिलिकची पेटी आयुष्यभर पुरते. लांबी-रुंदीत थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. उंचीत नाही.

जमिनीवरच्या टॅरॅन्टुलासाठी मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त ठेवू नका. हे कोळी रात्री काचेवर चढतात आणि जड अंगामुळे पडतात. पोटाची कातडी फुग्यासारखी पातळ असते. पडताना ती एखाद्या दगडाच्या कडेवर आपटली तर फाटते. म्हणून ३० सेंटिमीटर उंच पेटीत निम्मी उंची मातीनेच भरायची. रिकामी हवा दिसायला मोकळी वाटते, पण कोळ्याच्या ती कामाची नाही.

हवा खेळण्यासाठी दोन समोरासमोरच्या बाजूंना भोकं हवीत, एक बाजू खाली आणि एक वर असेल तर उत्तम. भोक कोळ्याच्या डोक्याकडच्या कडक कवचापेक्षा लहान हवं, कारण ते कवच जिथून जाईल तिथून बाकीचा कोळी निघून जातो. लोखंडी जाळीचं झाकण टाळा. पायांच्या टोकांची बारीक नखं जाळीत अडकतात, कोळी लटकतो आणि सुटण्याच्या धडपडीत पाय गमावतो. पेटी जाळीच्या झाकणाचीच असेल तर जाळी काढून भोकं पाडलेला अ‍ॅक्रिलिकचा तुकडा बसवा. झाकणाला कडी हवीच. टॅरॅन्टुलाची ताकद लोकांना खरी वाटत नाही, झाकण सरकलेलं दिसेपर्यंत.

पिल्लांसाठी १०० ते २५० मिलिलिटरचा पारदर्शक डबा पुरे. गरम सुईने बाजूंना बारीक भोकं पाडा आणि भोकांच्या आतल्या धारदार कडा घासून घ्या. पिल्लू मोठ्या पेटीत सोडलं तर त्याला भक्ष्य सापडत नाही आणि तुम्हाला पिल्लू.

खाली काय भरायचं?

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), किंवा खत-औषध न घातलेली साधी माती, किंवा दोन्हींचं मिश्रण. नुसतं कोकोपीट वाळलं की भुसभुशीत होतं आणि बीळ ढासळतं, म्हणून त्यात तिसरा हिस्सा माती मिसळलेली बरी. ओलावा पाहायची रीत: मूठभर घेऊन घट्ट दाबा. गोळा वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. भरताना थराथराने हाताने दाबत जा आणि जमिनीवरच्या जातींना वरचा थर चार-पाच दिवस वाळू द्या. ओल्या मातीवर सोडलेला कोळी पाय उंच करून, टाचा वर केल्यासारखा उभा राहतो किंवा काचेवर जाऊन बसतो. त्याला ओल आवडत नाही, एवढंच तो सांगत असतो.

देवदार आणि पाइनचा भुसा वापरू नका. त्यातली तेलं कोळ्यांना घातक असतात. खडी, धारदार दगड आणि निवडुंगही नकोत. कारण तेच, पोट.

आत आणखी काय ठेवायचं?

लपायला जागा आणि पाणी. कॉर्कच्या सालीचा अर्धगोल तुकडा किंवा आडवी करून अर्धी पुरलेली मातीची कुंडी चालते. तिच्या तोंडाशी बोटभर खड्डा करून दिला की पुढचं बीळ तो स्वतः खणतो. काही जण महिनाभर खणतात आणि सगळी सजावट गाडून टाकतात. पुन्हा नीट लावायच्या भानगडीत पडू नका.

पाण्याची वाटी उथळ आणि जड हवी. त्यात स्पंज ठेवायची जुनी पद्धत सोडून द्या. कोळी स्पंजमधून पाणी पीत नाही, आणि स्पंज आठवड्यात कुजतो. वाटीत बुडून मरेल ही भीतीही खोटी आहे, अंगावरचे केस हवा धरून ठेवतात आणि तो तरंगतो. पिल्लाला वाटीऐवजी बाटलीचं झाकण द्या, किंवा आठवड्यातून दोनदा डब्याच्या कडेवर ड्रॉपरने दोन-तीन थेंब सोडा.

दिवा नको. अतिनील किरणांची गरज नाही. पेटीवर थेट ऊन पडलं तर बंद काचेत अर्ध्या तासातही कोळी भाजून मरू शकतो.

तापमान किती ठेवायचं? हीट मॅट लागेल का?

२० ते २८ अंश सेल्सियस. अंगावर साधा सदरा घालून तुम्हाला बरं वाटत असेल तर त्यालाही बरं वाटतं. रात्री दोन-चार अंशांनी उतरलं तर बिघडत नाही. थंडीत तो खाणं आणि हालचाल कमी करतो.

पेटीखाली हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, घालणं ही नवख्यांची आवडती चूक. रानात उकाडा झाला की कोळी खाली, गार मातीत शिरतो. इथे खालीच आच असते, त्यामुळे तो जितका खणतो तितका तापतो. खोली सतत १८ अंशांच्या खाली राहत असेल तर आधी खोलीच उबदार करा. ते जमत नसेल तर मॅट पेटीच्या बाजूच्या भिंतीला, बाहेरून, थर्मोस्टॅटसकट लावा.

उन्हाळ्याची गोष्ट उलटी. पारा ३२-३३ च्या वर जाऊन तिथेच राहिला तर पेटी घरातल्या सगळ्यांत गार खोलीत, शक्यतो जमिनीलगत ठेवा. माती एका कोपऱ्यात ओली करा आणि पाण्याची वाटी काठोकाठ भरा. पंखा खोलीत फिरू द्या, पण झोत पेटीवर नको. वाटी लवकर कोरडी पडते.

आर्द्रता ६० टक्के की ७०? मीटर काहीच्या बाही दाखवतो.

मीटर काढून ठेवा. पेटीच्या भिंतीवर चिकटवायचे तबकडीवाले स्वस्त मीटर मुळातच बेभरवशाचे, आणि खरा आकडा दाखवला तरी तो काचेजवळच्या हवेचा असतो. कोळी बसतो बिळात. आकड्यामागे धावत रोज फवारणी करणाऱ्याच्या पेटीत हवा कोंदट होते, बुरशी येते, आणि कोंदट ओलाव्यात टॅरॅन्टुला कोरड्यापेक्षा लवकर दगावतात.

कर्ली हेअर आणि हॅमोरीसाठी एवढंच करा: आठवड्यातून एकदा वाटी भरताना थोडं पाणी मुद्दाम बाहेर सांडू द्या. वाटीभोवतीची माती ओली, बाकीची कोरडी. कुठे बसायचं ते तो ठरवेल. ग्रॅमोस्टोलांना याहूनही कमी चालतं. कोळ्याच्या अंगावर कधीही फवारू नका. जास्त ओल लागणाऱ्या जातींना वरून फवारण्यापेक्षा कोपऱ्यातून हळूहळू पाणी ओतलेलं चांगलं. ते तळाशी मुरतं आणि वरचा थर कोरडा राहतो.

खायला काय आणि किती?

पाळलेले रातकिडे, डुबिया झुरळं, टोळ, मीलवर्मच्या अळ्या. भक्ष्य कोळ्याच्या पोटापेक्षा लांब नको. नखाएवढ्या पिल्लाला आठवड्यातून दोनदा, रातकिड्याची मारून तुकडा केलेली तंगडीसुद्धा चालते. ते मेलेलं खातं. अर्धवट वाढलेल्याला आठवड्यातून एकदा. मोठ्या मादीला १० ते १५ दिवसांतून एक-दोन किडे भरपूर झाले.

मोजमाप किड्यांचं ठेवण्यापेक्षा पोटाचं ठेवा. पोट कवचाच्या दीडपट रुंद असेल तर उत्तम. दुपटीकडे गेलं आणि चालताना जमिनीला घासायला लागलं तर महिनाभर काही देऊ नका. लठ्ठ कोळी जरा पडला तरी त्याचं पोट फाटू शकतं. कवचापेक्षा लहान आणि सुरकुतलेलं पोट म्हणजे पाणी कमी पडतंय.

मीलवर्मचं डोकं चिमट्याने चेचूनच द्या. नाहीतर ती मातीत शिरते आणि कोळी कात टाकताना मऊ पडलेला असताना बाहेर येऊन त्याला कुरतडते. हेच रातकिड्याचंही. म्हणून न खाल्लेला किडा २४ तासांत बाहेर. घरात किंवा बागेत पकडलेले किडे देऊ नका, त्यांनी कुठलं औषध चाटलंय ते तुम्हाला ठाऊक नसतं. उंदराची पिल्लं देण्याची काही गरज नाही, शिवाय उरलेलं कुजून पेटीभर घाण होते.

दोन महिने झाले, काहीच खात नाही!

पोट भरलेलं आहे आणि वाटीत पाणी आहे ना? मग थांबा. मोठे टॅरॅन्टुला महिनोन्‌महिने उपाशी राहतात. चिलीचा ग्रॅमोस्टोला रोझिया तर यासाठी कुप्रसिद्ध आहे, वर्षभर तोंड न उघडता नंतर एका रात्री चार रातकिडे फस्त करतो. दर दहा-बारा दिवसांनी एक किडा टाकून पाहा, नको असेल तर काढून घ्या. किड्यावर किडे टाकत राहिलात तर तेच त्याला हैराण करतात.

नव्या घरी आलेल्याला पहिला आठवडा खायला देऊच नका. आणि रंग फिका पडला असेल, तो मंदावला असेल, बिळाचं तोंड मातीने बुजवलं असेल किंवा पोटावरचा टक्कल पडलेला भाग गुलाबी-तपकिरीचा काळसर झाला असेल, तर तो कात टाकायच्या बेतात आहे.

उताणा पडलाय, पाय वर! मेला का?

नाही. हात लावू नका, पेटी हलवू नका, पाणी फवारू नका. टॅरॅन्टुला उताणा होऊनच कात टाकतो.

आधी तो जमिनीवर पांढऱ्या धाग्यांची पातळ चटई विणतो. मग तिच्यावर कूस बदलतो आणि पाठीवर पडून राहतो, कधी तासभर, कधी त्याहून जास्त. बाहेरून काही घडताना दिसत नाही. आत मात्र तो अंगातला द्रव पुढे ढकलत असतो, आणि त्या दाबाने कवचाच्या कडेने चीर पडते. कवच डबीच्या झाकणासारखं सुटतं, पोटाच्या बाजू फाटतात, आणि मग तो ओल्या हातमोज्यातून बोटं काढावीत तसे आठही पाय, दोन आखूड पाय आणि विषदंत कणाकणाने ओढून काढतो. ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. तोंडाचं, जठराच्या शोषण्याच्या भागाचं आणि श्वसनपटलांचं अस्तरसुद्धा त्या कातीबरोबर निघून येतं. पिल्लाचं हे पंधरा-वीस मिनिटांत उरकतं, मोठ्या मादीला अनेक तास लागतात. नवीन कोळी बाहेर येतो तेव्हा त्याचे दात दुधासारखे पांढरे असतात आणि तो धुतलेल्या फडक्यासारखा लुळा पडलेला असतो.

मरणारा टॅरॅन्टुला उताणा होत नाही. तो सरळ बसलेला असतो आणि पाय पोटाखाली मुडपून घेतो.

कात टाकून झाली. आता?

पाणी ताबडतोब, खाणं नाही. दात पांढऱ्याचे लाल आणि लालचे काळे होईपर्यंत थांबा. पिल्लाला चार-पाच दिवस, अर्धवट वाढलेल्याला ७ ते १० दिवस, मोठ्या मादीला दोन आठवडे किंवा जास्त. घाईने टाकलेला जिवंत किडा मऊ कोळ्याला चावतो. रिकामी कात तो स्वतःच बिळाच्या तोंडाशी आणून टाकतो. लांब चिमट्याने उचला.

एखादा पाय जुन्या कातीत अडकून राहिला तर बारीक ब्रश कोमट पाण्यात बुडवून फक्त त्या जागी ओल द्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा. पोटाखाली श्वसनपटलं आहेत, तिकडे पाणी जाऊ देऊ नका. ओढायचा मोह आवरा. मोठा कोळी अडकलेला पाय स्वतः सोडून देतो, जखम बंद होते आणि पुढच्या कातींत पाय परत उगवतो.

हातावर घेता येतो का?

येतो, पण घेऊ नये. कुत्र्या-मांजरासारखी त्याला माया लागत नाही; तुमचा तळवा त्याच्या लेखी हलणारी, गरम जमीन असते. कंबरेएवढ्या उंचीवरून पडला तर पोट फुटून मरतो. तुम्हाला फायदा फोटोचा, धोका सगळा त्याचा.

मग पेटी बदलताना कसा पकडायचा?

साहित्य: पायांच्या पसाऱ्यापेक्षा रुंद तोंडाचा पारदर्शक डबा, जाड पुठ्ठ्याचा तुकडा, मऊ ब्रश, ३० सेंटिमीटर लांब चिमटा. दारं-खिडक्या बंद, कुत्रा-मांजर दुसऱ्या खोलीत. जुनी पेटी मोठ्या टबात ठेवून काम करा, निसटला तरी टबातच राहील.

डबा आडवा करून कोळ्याच्या तोंडासमोर धरा आणि मागच्या पायांना ब्रशने हलकेच स्पर्श करा. तो पुढे सरकेल. सरकला नाही तर दोन मिनिटं थांबा, पुन्हा एक स्पर्श. पोटाला ब्रश लावू नका, केस उडतील. आत गेला की पुठ्ठा सरकवा. नव्या पेटीत डबा तसाच आडवा ठेवून पुठ्ठा काढा, पेटीचं झाकण लावा आणि सकाळी रिकामा डबा काढून घ्या. पुढचे पाय उंच करून दात दाखवत उभा राहिला, तर त्या दिवशी काम बंद.

केस उडवले आणि हाताला खाज सुटली.

खाजकुयलीसारखाच प्रकार आहे. खाजवू नका. त्या जागी चिकटपट्टी लावून ओढा म्हणजे केस निघतात, मग साबण-पाण्याने धुवा. खाज एक-दोन दिवसांत जाते. पेटीत काम करताना लांब बाह्या आणि हातमोजे घाला आणि त्या हातांनी डोळे चोळू नका. केस डोळ्यात गेला तर स्वच्छ पाण्याने धुवून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. या केसांना काटे असतात, ते बुबुळात रुततात आणि चोळल्याने आणखी खोल जातात.

चावला तर?

वर सुचवलेल्या जातींचा दंश गांधीलमाशीच्या डंखासारखा ठणकतो. जागा साबणाने धुवा, गार पट्टी ठेवा. श्वास लागणं, चेहऱ्यावर सूज, अंगभर पित्त उठणं यांपैकी काही झालं तर ताबडतोब रुग्णालय. कुत्र्यांना कोळ्यापासून लांबच ठेवा. ऑस्ट्रेलियातल्या टॅरॅन्टुलांच्या दंशाने कुत्रे मेल्याच्या नोंदी आहेत.

पाय आत मुडपून बसलाय. काय करू?

टॅरॅन्टुलाचे पाय मुडपतात ते स्नायूंनी, पण लांब होतात ते आतल्या द्रवाच्या दाबाने. अंगातलं पाणी घटलं की दाब पडतो आणि पाय आपोआप आत वळतात. म्हणून पहिला संशय पाण्यावर घ्यायचा. अगदी उथळ बशीत पाणी घ्या, कोळ्याला तिच्या काठावर असा ठेवा की दातांच्या मधलं तोंड पाण्याला टेकेल आणि पोट बाहेर कोरडं राहील. काही तास तसाच, शांत जागी. नुसत्या पाणी कमी पडलेल्या कोळ्याचे पाय हळूहळू पसरायला लागतात. ओल्या कागदाच्या बंद डब्यात डांबून ठेवण्याचा जुना उपाय करू नका, तिथे हवा कोंदते.

पडला, आणि पोटातून पाणी येतंय.

ते पाणी म्हणजे त्याचं रक्त, फिकट निळसर. जखमेवर चिमूटभर कॉर्नफ्लोर दाबून धरा, थांबलं नाही तर पुन्हा. सांध्यातून वाहत असेल तर तो पाय स्वतःच टाकून देण्याची शक्यता आहे. नंतर पाणी ठेवा आणि काही दिवस पेटीकडे फिरकू नका. मोठी चीर असेल तर बहुतेक वेळा वाचत नाही.

घरात डासांची कॉइल लावतो. चालेल?

त्या खोलीत अजिबात नको. कॉइल, भिंतीत लावायचं द्रव, झुरळांचा स्प्रे, कुत्र्याच्या गोचिडांचं औषध, सगळी संधिपाद प्राण्यांना मारण्यासाठीच केलेली असतात, आणि कोळी त्यांतलाच. थरथरत, लडखडत, पाय एकमेकांत अडकवत चालणारा टॅरॅन्टुला दिसला तर आधी विषाचा संशय घ्या. पेटी मोकळ्या हवेत हलवा आणि माती, वाटी, सगळं बदला. घरात कीटकनाशक फवारणी व्हायची असेल तर कोळी आधीच दुसऱ्या घरी हलवा आणि निदान आठवडाभर तिकडेच ठेवा. कुत्र्याला औषध लावलेल्या हातांनी पेटीला शिवू नका.

मातीत बारीक पांढरे किडे दिसतायत.

टिचकी मारल्यासारखे उडी मारत असतील तर ते स्प्रिंगटेल. बुरशी खातात, राहू द्या. सावकाश रांगणारे ठिपके म्हणजे माइट्स. बहुतेक उष्टं-खरकटं खाणारे असतात, खरकटं उचलून माती कोरडी केली की कमी होतात. कोळ्याच्या तोंडाशी किंवा पायांच्या सांध्यांत गर्दी दिसली तर सगळी माती बदला. तोंडाशी पांढरा, वळवळणारा चिकट थर, खाणं बंद आणि सडका वास असेल तर हे सूत्रकृमी. यावर खात्रीचा इलाज नाही. ती पेटी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, तिचा चिमटाही वेगळा ठेवा.

साफसफाई किती वेळा?

खरकटं दिसेल तेव्हा, वाटी आठवड्यातून एकदा गरम पाण्याने, साबणाशिवाय. पूर्ण माती वर्षभरात किंवा त्याहून उशिरा, तीही खराब झाली असेल तरच. दर महिन्याला चकचकीत करायची हौस असेल तर मासे पाळा.

दोन एकाच पेटीत ठेवले तर?

एक उरेल. जाडा.

दहा दिवस गावाला जायचंय.

मोठ्या कोळ्याची वाटी काठोकाठ भरा, कोपरा ओला करा आणि निघा; दोन आठवडेही चालतं. 'मागे उपाशी नको' म्हणून किडे टाकून जाऊ नका. पिल्लाच्या डब्यात मात्र दर तीन-चार दिवसांनी कुणीतरी पाण्याचे थेंब टाकायला हवेत.

पेटी रिकामी दिसतेय!

आधी बीळ आणि झाकणाची आतली बाजू नीट पाहा. निम्म्या वेळा तो तिथेच असतो. खरंच सुटला असेल तर पावलं जपून टाका, दाराखालच्या फटी कापडाने बुजवा, आणि रात्री अंधार करून टॉर्च भिंतीच्या कडेने फिरवा. कपाटामागे, पडद्याच्या घडीत, चपलांत शोधा. कोपऱ्यात ओलं फडकं ठेवलं तर तहानलेला कोळी दोन-तीन रात्रींत तिथे येऊन बसू शकतो.

दिवसभर एकाच जागी बसून असतो. कंटाळलाय का?

टॅरॅन्टुला मजेत असला की असाच दिसतो. एक कोपरा धरतो, तिथे जाळं विणतो, रात्री दोन पावलं फिरतो, पाणी पितो, समोर आलेला किडा पकडतो आणि पुन्हा बसतो. काळजी करायची ती उलट लक्षणांची. पहिला आठवडा उलटूनही तो सतत काचेवर चढत असेल, वाटीला चिकटून बसत असेल किंवा हवेच्या भोकांशी अंग दाबून राहत असेल, तर माती फार ओली आहे, फार कोरडी आहे, किंवा पेटी अशा टेबलावर आहे जिथे दिवसभर धक्के बसतात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन-चार दिवस वाट पाहा. रोज काहीतरी हलवत राहिलात तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळायचंच नाही.